आमची वाटचाल : नक्षी आमची, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं

टॉवेल आणि चादरीच्या जकार्ड मागांसाठी, म्हणजे कापडातच नक्षी विणणाऱ्या मागांसाठी, नक्षी काढून देणं हा आमचा धंदा. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळ आमचं छोटं ऑफिस आहे. वडील ग्राफ पेपरवर नक्षी रंगवायचे. त्यावरून कार्डं पंच व्हायची, प्रत्येक बाण्याला म्हणजे आडव्या धाग्याला एक कार्ड, आणि ती ओवून मागावर चढायची. तो संच कुणी खिशात घालून नेऊ शकत नव्हतं. कार्डांऐवजी फाइलवर चालणारं इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यावर तीच नक्षी पेन ड्राइव्हमध्ये मावायला लागली. काम सोपं झालं आणि चोरीही.

कॉम्प्युटरवर काम सुरू करायचं ठरलं तेव्हा टेक्स्टाइल डिझाइनच्या सॉफ्टवेअरची किंमत आमच्या ऐपतीबाहेरची होती. क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली कॉपी मात्र सहज मिळत होती, बसवून देणारे ऑफिसात यायला तयार होते. "सगळेच वापरतात, तुम्हाला कोण विचारतंय?" वडिलांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपली नक्षी कुणी फुकट उचलली तर आपण त्याच्या दारात जाऊन भांडतो, मग दुसऱ्यानं रात्र-रात्र जागून लिहिलेलं आपण फुकट कसं घ्यायचं? पतसंस्थेचं कर्ज काढून एका कॉम्प्युटरपुरतं लायसन्स घेतलं. बिलं, पत्रं आणि फोटो यांसाठी दुसऱ्या टेबलावर लिनक्स, लिब्रेऑफिस आणि गिम्प बसवलं. ती फुकट वापरायची परवानगी त्यांच्या कर्त्यांनीच दिलेली आहे. लायसन्स एकच, म्हणून वडील आणि मी पाळीनं बसायचो. संध्याकाळची पाळी माझी असे.

आमच्या लाइनीत कायद्याबद्दल फार गैरसमज आहेत. विकलं तर गुन्हा, वापरलं तर नाही, असं छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि कलम ६३ब म्हणतं की बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून ती वापरणं हाच गुन्हा. किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख रुपये दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर नसेल, तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. म्हणजे घरी शिकणाऱ्या पोराला ती सवलत मिळू शकते, कारखान्याला नाही. हा भेद मला योग्य वाटतो. ज्याच्याकडे पैसेच नाहीत अशा विद्यार्थ्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच सॉफ्टवेअरच्या जिवावर रोज बिलं फाडणाऱ्या मालकाची गोष्ट वेगळी. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप कॉपी ठेवायला मुभा आहे, पण ती दुसऱ्या टेबलावर चालवायला नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

खरी परीक्षा पाहिली ती गिऱ्हाइकांनी. कारखानदार दुसऱ्याचा टॉवेल टेबलावर टाकतो आणि म्हणतो, "अण्णा, अशीच काढून द्या, फक्त फूल बदला." आम्ही नवी नक्षी काढून द्यायची तयारी दाखवतो, नक्कल करून देत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं कायमची गेली.

आमच्या नक्षीला मात्र कायद्याचं संरक्षण आपोआप टिकत नाही. डिझाइन म्हणून नोंदता येण्यासारखी नक्षी नोंदली नाही आणि मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं यंत्रावर तिच्या ५० पेक्षा जास्त प्रती निघाल्या, की तिचा कॉपीराइट संपतो. टॉवेलच्या धंद्यात ५० म्हणजे काहीच नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नावाचं रक्षण करतं, नक्षीचं नाही. २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर १० वर्षं हक्क मिळतो, पुढे ५ वर्षं वाढवता येतो. अट अशी, की नक्षी आधी बाहेर दाखवलेली नसावी. त्यामुळे आता मोठ्या ऑर्डरची नक्षी असेल तर आधी अर्ज करतो, मग नमुना विणायला देतो. तोवर फाइल ऑफिसाबाहेर जात नाही.

सॉफ्टवेअर कंपन्यांकडे आमचं एक मागणं आहे. दोन टेबलांच्या ऑफिसला झेपेल अशी महिन्याची वर्गणी ठेवा, आणि मंदीच्या महिन्यांत ती थांबवायची सोय द्या. तसं झालं तर या भागातले कितीतरी डिझायनर उद्या क्रॅक केलेल्या कॉप्या काढून टाकतील. ते माझ्याशी बोलतात तेव्हा अडचण दर वेळी वर्षाच्या एकरकमी पैशांचीच निघते.