शून्य ते २५५

कॉम्प्युटरचा फॅन मोठ्याने वाजतो ही तक्रार बहुतेक वेळा अर्धीच खरी असते. एकाच सुरात घुं घुं करणारा फॅन, मग तो बऱ्यापैकी जोरात का असेना, थोड्या वेळाने कानाला ऐकूच येईनासा होतो. डोकं फिरवतो तो मधूनच भुर्रकन चढणारा आणि चार सेकंदांत परत खाली येणारा फॅन. तुम्ही शांतपणे काहीतरी वाचताय, ब्राउझरमध्ये एक जड पान उघडलंत, की लगेच मशीन असा श्वास टाकतं जसं काही तुम्ही त्याला डोंगर चढायला सांगितलाय, आणि पान उघडून झालं की परत गप्प. असं दर दोन मिनिटांनी. हे जे चढणं-उतरणं आहे ना, खरी कटकट ती आहे, आणि गंमत म्हणजे त्या भुर्र करण्याने प्रोसेसरला काडीचाही फायदा झालेला नसतो.

का ते बघा. प्रोसेसरचं तापमान चिपच्या आतच मोजलं जातं, आणि ती चिप म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. एखाद्या कोअरने (प्रोसेसरमधल्या एका काम करणाऱ्या भागाने) क्षणभर बूस्ट घेतला, म्हणजे वेग वाढवला, की तिथला आकडा चाळिशीतून साठीत उडी मारतो, काम संपलं की तितक्याच पटकन खाली. पण त्याच्यावर बसवलेला तो भलामोठा हीटसिंक (उष्णता शोषून पसरवणारा धातूचा ठोकळा), त्याचं धातूचं वजन, त्याला एवढ्या वेळात काही झालेलंच नसतं, तो आपला कोमटच. आणि फॅन तर हीटसिंकला वारा घालतो, चिपला नाही. म्हणजे फॅन आकड्यामागे पळत सुटला आणि वेग घेईपर्यंत उष्णता केव्हाच पसरून गेली. बऱ्याच मदरबोर्डांवर कंपनीने जी सेटिंग घालून दिलेली असते ती अगदी हाच आंधळेपणा करते, कारण फॅन लगेच प्रतिसाद देतो म्हणजे थंडावा चांगला असं गिऱ्हाइकाला वाटतं.

आता काही बायोसमध्ये (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) फॅन किती सावकाश चढवायचा-उतरवायचा याचं सेटिंग असतं. तुमच्या बोर्डात ते असेल आणि तेवढ्याने भागत असेल तर खरंच तिथेच थांबा, पुढचं काही करायची गरज नाही. मी हे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रेमात पडलेला माणूस असूनही सांगतोय. बायोसमधलं सेटिंग ऑपरेटिंग सिस्टीम लटकली तरी चालू राहतं, हा फायदा छोटा नाही.

पण मग अडतं कुठे, तर ग्राफिक्स कार्डापाशी. बहुतेक बायोसना ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतच नाही. गेम चालू आहे किंवा काहीतरी रेंडर होतंय, कार्ड ऐंशी डिग्रीला पोचलंय आणि सगळी गरम हवा केसमध्ये सोडतंय, आणि केसचे फॅन मात्र प्रोसेसरकडे बघून निवांत फिरतायत, कारण प्रोसेसर पन्नाशीतच आहे. विंडोजवर यासाठी बोर्डवाल्यांची आपापली सॉफ्टवेअरं असतात (त्यातली बरीचशी रंगीत दिवे चमकवण्यात जास्त रमलेली, तो भाग वेगळा), लिनक्सवर सहसा ती येत नाहीत. मग आपलं आपणच बघावं लागतं.

आणि बघायला गेलं की जे सापडतं ते मला अजूनही भारी वाटतं. मदरबोर्डवर एक छोटी चिप असते, सुपर आयओ म्हणतात तिला, नुवोटॉन किंवा आयटीई किंवा फिनटेक असल्या कंपन्यांची. मूळची ही चिप जुन्या पद्धतीचा कीबोर्ड, सिरीयल पोर्ट, प्रिंटरचा पोर्ट, फ्लॉपी असली किरकोळ कामं सांभाळणारी. फ्लॉपी गेली, प्रिंटरचा पोर्ट गेला, पण चिप राहिली, आणि आज तिचं मुख्य काम म्हणजे व्होल्टेज आणि तापमान मोजणं आणि फॅन हाकणं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, या चिपांचे ड्रायव्हर असतात, आणि ड्रायव्हर लोड झाला की सिस फोल्डरच्या आत, क्लासच्या आत, एचडब्ल्यूमॉन नावाच्या फोल्डरात तुमचे फॅन चक्क फाइली होऊन बसलेले दिसतात.

फाइली म्हणजे अगदी साध्या फाइली. टेम्प१ इनपुट नावाची फाइल कॅट या मजकूर दाखवणाऱ्या कमांडने उघडली की ४३००० असा आकडा येतो. घाबरायचं नाही, ते डिग्रीचे हजारावे भाग आहेत, म्हणजे ४३ डिग्री. कर्नलला दशांश चिन्हाचा कंटाळा आहे. फॅन१ इनपुटमध्ये मिनिटाला किती फेरे ते येतं. आणि पीडब्ल्यूएम१ नावाच्या फाइलीत शून्य ते २५५ मधला एक आकडा असतो, तो आपल्याला बदलता येतो. आधी शेजारच्या पीडब्ल्यूएम१ इनेबलमध्ये १ लिहायचा, म्हणजे चिपला सांगायचं की बाई तू आता बाजूला हो, आणि मग पीडब्ल्यूएम१ मध्ये समजा ९० लिहिलं, एंटर दाबलं, की टेबलाखालचा आवाज खरोखर खाली येतो. एका फाइलीत आकडा लिहिला आणि लोखंड-प्लास्टिकची एक वस्तू मंदावली. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरून सुद्धा या गोष्टीचं मला अप्रूप आहे. (यात सुडो, म्हणजे मालकाच्या अधिकाराने कमांड चालवणारी कमांड, आणि आकडा छापणारी एको लावून आकडा फाइलीकडे वळवला तर परवानगी नाही असं उत्तर येतं, कारण फाइल उघडायचं काम सुडोकडे जातच नाही, ते आपल्या कमांड घेणाऱ्या साध्या शेलकडेच राहतं. तिथे सुडोसोबत टी ही फाइलीत लिहिणारी कमांड वापरायची. नव्या माणसाला हे हमखास नडतं.)

तर तो आकडा. १२८ लिहिलं म्हणजे फॅन अर्ध्या वेगाने फिरेल असं नाही. चार पिनांच्या फॅनला बारा व्होल्ट कायम मिळतच असतात, चौथ्या पिनेवरून सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद चालू-बंद असा इशारा जातो, आणि त्यातला किती भाग चालू हे तो आकडा सांगतो. २५ हजारच का, तर माणसाचा कान साधारण वीस हजारांपर्यंत ऐकतो, त्याच्या वर राहिलं की त्या चालू-बंदची किणकिण ऐकू येत नाही. किती साधा विचार! जुन्या तीन पिनांच्या फॅनला ही सोय नाही, त्याला सरळ व्होल्टेजच कमी करून द्यावं लागतं, आणि बोर्डावर फॅन जोडायच्या जागेचा मोड त्याप्रमाणे बदलला नसेल तर तुम्ही फाइलीत काहीही लिहा, फॅन ढिम्म.

हे हाताने आकडे लिहिणं मजेपुरतं ठीक. रोजच्याला एलएम सेन्सर्स नावाचं जुनं पॅकेज आहे, त्यातली सेन्सर्स डिटेक्ट ही कमांड आधी चालवायची, ती चिप शोधते आणि बरेच प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नाला तिने सुचवलेलंच उत्तर द्यावं, उगाच शहाणपणा नको. पूर्वी काही थिंकपॅड लॅपटॉपांवर असल्या चाचपणीत आतली मेमरी खराब होऊन मशीनच उठेनासं व्हायचं, तेव्हापासून ही कमांड जरा जपून पावलं टाकते.

मग येते पीडब्ल्यूएम कॉन्फिग ही कमांड. ही एकदा तरी चालवून बघण्यासारखी चीज आहे. ती सुरुवातीलाच बजावते की मी आता एकेक फॅन थोडा वेळ बंद करणार आहे, नंतर सगळे परत नीट फिरतायत की नाही ते तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. मग सगळे फॅन पूर्ण वेगात सोडते, एरवी कधीच न ऐकलेला कल्लोळ होतो, आणि त्यातून एकेक आवाज वजा होत जातो. आपण केसचं झाकण काढून वाकून बसलेलो असतो, मागचा फॅन संथ होत थांबतो, त्याची पाती मोजता येतात, पात्यांच्या कडेला जमलेली धुळीची करडी किनार दिसते, आणि इकडे स्क्रीनवर एका फॅनच्या फेऱ्यांचा आकडा शून्य झालेला असतो. बरं, म्हणजे फॅन२ म्हणजे हा. पुढचा. कुठली फाइल कुठल्या फॅनची हे कळायचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही, कारण बोर्डावर छापलेली नावं आणि चिपमधले नंबर यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

यातून जी सेटिंगची फाइल तयार होते ती फॅनकंट्रोल नावाची स्क्रिप्ट वाचते. किमान तापमान, कमाल तापमान, आणि मधे सरळ रेष. त्यात फॅन सुरू व्हायला लागणारा आकडा आणि फॅन चालू राहायला लागणारा आकडा वेगवेगळे द्यावे लागतात, आणि ते बरोबरच आहे, बंद पडलेली गाडी ढकलताना पहिला जोर जास्त लागतो, एकदा चाकं फिरली की एका हाताने भागतं, तसंच. ही स्क्रिप्ट साधी बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांडच्या भाषेत) लिहिलेली आहे आणि सहसा दर दहा सेकंदांनी एकदा तापमान बघते. हा तिचा आळस म्हणून काही लोक नाक मुरडतात, मला तोच तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. दोन सेकंदांचा बूस्ट तिला बऱ्याचदा दिसतच नाही! आणि दिसलाच तर शेवटच्या काही आकड्यांची सरासरी घ्यायला सांगता येतं.

तिची एक खोड मात्र आहे. एचडब्ल्यूमॉनचे नंबर ड्रायव्हर कुठल्या क्रमाने लोड झाले त्यावर ठरतात, त्यामुळे काल जो दोन नंबर होता तो आज तीन नंबर असू शकतो. फॅनकंट्रोल हे तपासते आणि नावं जुळली नाहीत तर कॉन्फिगरेशन जुनं झालंय म्हणून सरळ काम नाकारते. चिडायला होतं, पण विचार करा, न तपासता तिने डिस्कचं तापमान प्रोसेसरचं समजून फॅन चालवला असता तर? नाकारलेलं परवडलं. ज्यांना या भानगडी नकोत त्यांच्यासाठी कूलरकंट्रोल नावाचं ग्राफिकल ॲप आहे, त्यात आलेख माउसने ओढता येतो, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यातलं ज्याचं म्हणणं जास्त त्याचं केस फॅनने ऐकायचं असंही सांगता येतं, म्हणजे मघाशी म्हटलेली अडचण मिटली. आणि तापमान अमुक डिग्री उतरल्याशिवाय वेग कमी करायचा नाही हेही ठरवता येतं. माझ्या मते सगळ्या खटाटोपात हे एकच सेटिंग खरं कामाचं आहे. चढताना सावकाश, उतरताना त्याहून सावकाश.

लोक उलट करतात. आकडा किती खाली आला त्यावर खूश होतात. प्रोसेसर ६५ वरून ५८ वर आणला म्हणून स्क्रीनशॉट काढतात, आणि त्यासाठी फॅन विमानासारखा फिरत असतो. अहो, रायझन ७००० मालिकेतले कितीतरी प्रोसेसर पूर्ण लोडमध्ये ९५ डिग्रीपर्यंत जायचं असं धरूनच बनवलेत, त्यांना ६५ म्हणजे काहीच नाही. उलट फॅनचा हिशोब बघा, वेग अर्धा केला तर हवा अर्धी होते, पण वीज आठवा भाग लागते आणि आवाज साधारण पंधरा डेसिबलने उतरतो. म्हणजे हवा थोडी सोडली तर शांतता भरपूर मिळते. याच कारणाने एक फॅन जोरात पळवण्यापेक्षा दोन-तीन मोठे फॅन रमतगमत फिरवलेले बरे.

आणि स्क्रिप्ट मधेच मेली तर? ही भीती सगळ्यांना असते. नीट थांबवली तर ती फॅन परत चिपच्या ताब्यात देऊन जाते, पण जबरदस्तीने मारली तर फॅन शेवटच्या आकड्यावर अडकून बसतो. म्हणून खालची मर्यादा अशी ठेवायची की फॅन कधी पूर्ण थांबणारच नाही. त्यातूनही तापलंच तर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद पडतं. जळून वगैरे जात नाही. मशीन झोपवून उठवल्यावर मात्र एकदा लक्ष द्या, काही बोर्डांवर चिप तेवढ्यात सगळं विसरून आपला जुना कारभार सुरू करते, मग जागं झाल्यावर फॅनकंट्रोल आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय सिस्टमडीत (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेत) करून ठेवावी लागते.

हे सगळं जमलं, फॅन एका संथ लयीत आले, की मग आतापर्यंत त्यांच्या आड लपलेले आवाज बाहेर येतात. हार्ड डिस्कची खरखर. आणि ग्राफिक्स कार्डातली कॉइलची (विजेच्या तारेच्या वेटोळ्याची) बारीक किर्रर्र, जी फॅनपेक्षा किती तरी वाईट आहे, आणि तिच्यासाठी एचडब्ल्यूमॉनमध्ये कुठलीही फाइल नाही. गेमच्या नुसत्या मेनूमध्ये कार्ड गरज नसताना शेकड्यांनी फ्रेम काढत बसतं तेव्हा ती जास्त होते, फ्रेमवर मर्यादा घातली की बरीच उतरते म्हणे. ते सेटिंग अजून माझ्याकडून व्हायचंय, या शनिवारी बघतो.