स्विफ्ट लॉग: ब्रेक झाले, पॉलिसी वाचून काढली, आता ग्राउंड

मंडळी, स्विफ्टचं पुढच्या ब्रेकचं काम एकदाचं संपलं आणि गाडी ग्राउंडवर न्यायला तयार हाय. नवीन आलेल्यांसाठी सांगतो, २००९ ची १.३ पेट्रोल स्विफ्ट, पासिंग वाढवून घेतलंय, रोज कामावर हीच आणि ऑटोक्रॉसला पण हीच (मोकळ्या ग्राउंडवर कोन मांडून एकेक गाडी वेळ लावून पळवायची, ते ऑटोक्रॉस). म्हणजे रविवारी कोनमधून पळवलेली गाडी सोमवारी सकाळी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला कामावर नीट पोचलीच पाहिजे, म्हणून माझा लॉग पॉवरपेक्षा ब्रेक, टायर आणि कागद ह्यावरच जास्त असतो. ह्या वेळी कागदावर जरा जास्तच लिहिणार हाय, कारण आमच्या कोल्हापूरच्या ऑटोक्रॉस ग्रुपमधली पोरं सस्पेन्शन विचारतात, एक्झॉस्ट विचारतात, पण विम्याची पॉलिसी उघडून कोण वाचत नाही.

आधी ब्रेक. उद्यमनगरात आमच्या नेहमीच्या मेस्त्रीकडं चाक उतरवलं, पॅड बाहेर काढले तर आतला पॅड निम्म्याच्या पुढं संपलेला आणि बाहेरचा जवळपास नवा. मेस्त्रीनं कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिन बोटानं ढकलून बघितली, आत गेली ती तिथंच थांबली, पिनेवरचा रबरी बूट फाटलेला आणि आत लाल चिखल वाळून बसलेला. "मालक, पिन सुकल्यात, एकच बाजू दाबायलीया." पिना घासून साफ केल्या, नवीन बूट, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, दोन्ही बाजूचे पॅड नवे, आणि ब्रेक फ्लुइड पूर्ण काढून डॉट ४ ग्रेडचं भरलं. ताज्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ डिग्री आणि डॉट ४ चा २३०, पण पाणी शोषलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्लुइड पाणी ओढणारच. पेडल आता वरच्या वर कडक लागतंय, लई बरं वाटलं.

बाकी तपासणी घरीच केली. बॅटरी हातानं हलवून बघा, क्लॅम्प ढिला असेल तर जोरात वळल्यावर बॅटरी सरकते आणि टर्मिनल बॉनेटला लागून स्पार्क होऊ शकतो. चाकाचे नट टॉर्क रेंचनं, व्हील कॅप काढून ठेवायचे, ॲक्सिलरेटर सोडल्यावर खटकन वर आला पाहिजे. आणि केबिन पूर्ण रिकामी! ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटसुद्धा काढायचं. पाण्याची बाटली सीटखालून घरंगळून ब्रेक पेडलच्या मागं अडकली तर नवे पॅड, नवं फ्लुइड सगळं फुकट.

फोर पॉइंट हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा बेल्ट) बसवू का असं दोघातिघांनी विचारलंय. रोल केज (छत दबू नये म्हणून आतून बसवलेला पाइपचा सांगाडा) नसलेल्या गाडीत मी बसवणार नाही, तुम्ही पण बसवू नका. गाडी पलटी होऊन छत दबलं तर कंपनीच्या बेल्टमध्ये अंग बाजूला सरकायला थोडी जागा मिळते, हार्नेस माणसाला ताठ धरून ठेवतो. ओरिजिनल बेल्ट घट्ट ओढून लावायचा, सीट सरळ करायची, डोकं हेडरेस्टजवळ, बास. हेल्मेट बाइकचं आयएसआय मार्कवालं, पण नीट मापाचं आणि आधी न आपटलेलं. बजेट असेल तर स्नेल एसए रेटिंगचं घ्या, ते गाडीच्या रेसिंगसाठीच असतं आणि त्याचं अस्तर आगीचा विचार करून केलेलं असतं.

आता पॉलिसी. ओळखीच्या एजंट काकांकडं बसून स्टँडर्ड प्रायव्हेट कार पॉलिसी वाचली. गाडी कशासाठी वापरता येईल ह्याचा एक छोटा परिच्छेद असतो, सगळे तो सोडून पुढं जातात. भाड्यानं देणं, मालवाहतूक वगैरे सोबत त्यात स्वच्छ लिहिलंय की ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग (शर्यतीत पुढं राहून वेग ठरवून देणं), स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) ह्यासाठीचा वापर कव्हरमध्ये नाही. पोरं म्हणतात आपण रेस कुठं करतोय, एका वेळी एकच गाडी सुटते, कोनमधून जाते आणि परत येते. बरोबर हाय, पण वेळ लावलीय, निकाल लावलाय, एन्ट्री फी घेतलीय, मग विमा कंपनीच्या सर्व्हेअरला (नुकसान तपासणाऱ्याला) "ही शर्यत नव्हती" हे कसं पटवणार? एवढे मुद्दे समोर असताना क्लेम पास होईल ह्या भरवशावर मी तरी गाडी सोडणार नाही. कुणी झीरो डेप (घसारा न कापता क्लेम देणारं) किंवा इंजिन प्रोटेक्ट असं जादा कव्हर घेतलं असलं तरी त्यानं काय फरक पडत नाही, मूळ वापरच बाहेरचा असला की ॲडऑन पण बाहेर.

पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखाचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर पण ह्याच अटीखाली येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

काकांनी अजून एक गोष्ट दाखवली, आयएमटी ३१ नावाचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची जादा अट, रिलायबिलिटी ट्रायल आणि रॅलीसाठीचं. इव्हेंटचं नाव, जागा, तारीख, आयोजक सगळं त्यात भरून घेतात. मला वाटलं हेच पाहिजे होतं, पण खाली वाचलं तर त्यातसुद्धा रेसिंग, पेस मेकिंग आणि स्पीड टेस्टिंग बाहेरच ठेवलंय, आणि इव्हेंट चालू असताना गाडीतल्या माणसाला झालेल्या इजेची जबाबदारी पण कंपनी घेत नाही. टायमिंगवाल्या ऑटोक्रॉसला त्याचा उपयोग शून्य धरून चाला.

माझ्या गाडीचं ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर) मी काढतच नाही, पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, मालक आणि कंपनी आपसात ठरवतात आणि ह्या वयाच्या गाडीला ती परवडण्यासारखी येत नाही. फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर), २०२२ च्या दरपत्रकानं १००० ते १५०० सीसीला ३४१६ रुपये अधिक जीएसटी. गाडी मोडली तर माझी मोडली, तेवढी तयारी मनात धरूनच ग्राउंडवर जातो. पण ज्यांची गाडी हप्त्यावर हाय त्यांनी नीट विचार करा. गाडी भिंतीला लागून गेली आणि क्लेम नाकारला तरी बँकेचा हप्ता पुढच्या महिन्यात कापला जाणारच, आणि घरच्यांना विचारायला पाहिजे असा तो खर्च हाय.

थर्ड पार्टीचं तर अजून गंभीर. समजा कोन उभा करायला गेलेल्या मार्शलला (कोर्सवर झेंडे घेऊन लक्ष ठेवणारा माणूस) गाडी लागली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला बचावासाठी जी कारणं दिलीत त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग नाव घेऊन लिहिलंय. कधी कधी कोर्ट कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायला सांगतं, म्हणजे फिरून बोजा आपल्याच डोक्यावर. आणि आपण गेटवर जे "स्वतःच्या जबाबदारीवर" म्हणून सही घेतो, तो कागद सही करणाऱ्यापुरता. कुंपणापलीकडं उभ्या असलेल्या माणसानं त्यावर कुठं सही केलीय? म्हणून एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना) परमिट असलेल्या इव्हेंटला जाताना मी आयोजकाला सरळ विचारतो, थर्ड पार्टी कव्हर किती, ड्रायव्हरला काय, मार्शलला काय, कागद दाखवा. विचारायला लाजायचं काय कारण नाही.

हेल्थ पॉलिसीत मात्र थोडा दिलासा हाय. वगळलेल्या गोष्टींमधलं एक्सक्लुजन ०९ बघा, धोकादायक खेळांची यादी हाय आणि मोटर रेसिंग त्यात नाव घेऊन हाय, पण शब्द असे की प्रोफेशनल म्हणून भाग घेतला तर. हौशी माणसाला तिथं जागा हाय. तरी आपल्या कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घेऊन ठेवा, फोनवरचं बोलणं क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नसतं. वेगळी काढलेली पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी असेल तर ती पण तपासा, त्यात रेसिंग वगळलेलं असण्याची शक्यता बरीच.

आता एक गोष्ट मी ठामपणे सांगणार आणि ह्यावर कुणी राग धरला तरी चालेल. ग्राउंडवर बंपर फुटला आणि सोमवारी "पार्किंगमध्ये खांबाला लागली" म्हणून क्लेम टाकला, ही फसवणूक हाय. हा उपाय ग्रुपवर कुणी सुचवला तर त्याला मी पुढच्या वेळी सुरुवातीच्या रेषेवर उभा करणार नाही. व्हिडिओ सगळीकडं फिरलेले असतात, त्यात नंबर प्लेट दिसते, तारीख दिसते. आणि एकदा कोल्हापूरच्या ग्रुपचे क्लेम खोटे असतात असं सर्व्हेअर लोकांच्या डोक्यात बसलं की ज्याची गाडी खरंच हायवेला ठोकलीय त्याच्याकडं पण संशयानंच बघणार.

रस्त्यावर टायमिंग लावायचं तर नावच काढू नका. जोतिबाचा घाट असू दे नाहीतर पहाटेचा रिकामा हायवे, सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली की कलम १८९ लागतं, पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत किंवा १०००० पर्यंत. आपल्या गावात गो-कार्टिंगचा मोहितेंचा ट्रॅक हाय, राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथं झाल्यात, खाज भागवायला घाट कशाला पाहिजे.

ग्राउंडवरच्या वागण्यात मला सगळ्यात जास्त काळजी बघायला येणाऱ्यांची वाटते. आपल्याकडं बैलगाडा शर्यतीत लोक धावपट्टीला चिकटून उभे राहतात, गाडा जवळ आला की मागं सरकतात, तीच सवय घेऊन इथं येतात. पण कोनवर घसरलेली गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते, आणि नेमकं तिथूनच व्हिडिओ चांगला येतो म्हणून पोरं तिथंच गोळा होतात. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बारमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या स्टेजवर एक मोटरसायकल आली, रॅलीची गाडी तिला धडकली आणि तिघं गेले, एकाच घरातले. तो राष्ट्रीय पातळीवरचा इव्हेंट होता, मग आपल्या ग्राउंडवर एक माणूस आणि एक दोरी किती पुरणार? म्हणून पुढच्या वेळी वळणाच्या बाहेर कुणीच नाही, प्रेक्षक फक्त स्टार्टच्या मागं आणि बॅरिकेडच्या आत, गेट बंद आणि गेटवर माणूस. कुणी आत आलं की लाल झेंडा, आणि लाल झेंडा दिसला की गाडी जागेवर थांबवायची, रन कितीही भारी चालला असू दे. रन परत मिळेल.

कोर्स आखताना भिंत, खांब, झाड, उभी गाडी ह्यांच्यापासून निदान २५ फूट लांब, अमेरिकेत एससीसीए ह्या मोटरस्पोर्ट क्लबचे लोक पण साधारण एवढंच धरतात. सरळ पट्टा लांब ठेवायचा नाही, मध्ये स्लॅलम (कोनच्या रांगेतून डावी-उजवी नागमोडी वाट) टाकायचा म्हणजे वेग आपोआप पडतो. थार आणि स्कॉर्पिओवाल्यांनी नाराज व्हायचं नाही, पण उंच गाडी चांगल्या ग्रिपच्या काँक्रीटवर कोनमधून जोरात वळवली तर पलटी होण्याचा धोका खरा हाय, त्यांच्यासाठी वेगळा मातीचा दिवस ठेवू. टायमिंगच्या रनला मागच्या सीटवर कुणी नाही, लहान मुलं तर अजिबात नाहीत, "भावा एक राऊंड मार की" म्हणणाऱ्याला पण नाही.

उरलेली कामं अशी. मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट करायचंय, पुढच्या उजव्या टायरचा खांदा जास्त झिजलाय म्हणून अलाइनमेंट करून घेणार, आणि आग विझवायचे एबीसी पावडरचे दोन किलोचे एक्स्टिंग्विशर मार्शलच्या प्रत्येक जागेवर एक ह्या हिशोबानं घ्यायचेत, घेताना काटा हिरव्यात हाय का बघून घ्या. ॲम्ब्युलन्स ग्राउंडवर उभी नसेल तर पहिली गाडी सुटणार नाही हे ठरलंय, त्याचे पैसे एन्ट्री फीमधूनच जाणार म्हणून फी थोडी वाढेल. पोलीस स्टेशनला लेखी कळवायचं आणि जागामालकाचं संमतीपत्र, ही दोन्ही कामं मी घेतलीत. मार्शलला माणसं कमी पडायलीत, गाडी नसली तरी चालेल, सकाळी लवकर येऊन झेंड्यांची प्रॅक्टिस करायची तयारी पाहिजे आणि पायात बूट पाहिजेत, चप्पलवाल्याला कोर्सवर सोडणार नाही. ज्यांना जमतंय त्यांनी मला मेसेज टाका.