तुम्ही विचारलंत म्हणून: डोंगरात वाघाची भीती नाही वाटत का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात गावी गेलो की पारावर हा प्रश्न ठरलेलाच, "तठे डोंगरमा वाघ शे का रे भो?" मी जिऑलॉजिस्ट, खनिज शोधणाऱ्या टीमसोबत वर्षातले पाच-सहा महिने डोंगरात असतो, त्यामुळे लोकांना वाटतं हा रोज वाघाला रामराम घालूनच कामाला लागतो. तर खरं सांगू का, मला वाघाची नाही, "काही नाही साहेब, थोडं डोकं दुखतंय" ह्या वाक्याची भीती वाटते.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच भागातला एक पोरगा हेल्पर म्हणून लडाखला आला होता. विशीतला, पहिलवान गडी, केळीचे घड उचलून खांदे तयार झालेले. आता जळगावच्या ४४-४५ डिग्रीतून उठून विमानाने थेट लेहला उतरलं तर ती ३५०० मीटर उंची, हवेतला ऑक्सिजन समुद्रकाठच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश, आणि तिथं तुमची तालीम कामाला येत नाही, उलट तगडा माणूस पहिल्याच दिवशी पळापळ करतो आणि आधी आडवा होतो. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन दिवस नुसतं बसायचं, आणि पुढे ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. हे सगळं आम्ही पाळलं. तरी चौथ्या दिवशी पोरगा जेवेना. शेवभाजी केली होती मुद्दाम, मसाला घरून नेलेला, आणि खान्देशी माणूस शेवभाजीला नाही म्हणतो म्हणजे गडबड आहे एवढं मला कळायला पाहिजे होतं. विचारलं तर तेच, काही नाही साहेब.

रात्री तो लघवीला उठला तर पाय नीट पडेनात, दारू प्यायल्यासारखा चालत होता. डोकेदुखीसोबत चाल बिघडली की मेंदूला सूज येतेय असं धरायचं आणि सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. ऑक्सिजन, गोळ्या, इंजेक्शन हे सगळं उतरता उतरता द्यायचं, उतरण्याऐवजी नाही. सहानंतर गाडी हलवायची नाही हा आमचा पक्का नियम, कारण ह्या धंद्यात घाटातली गाडी मला सगळ्यात धोक्याची वाटते, पण त्या रात्री तोच मोडावा लागला. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही आपल्याकडे, आमच्याकडे वॉकी-टॉकी होता, त्यावर खालच्या कॅम्पला उठवलं आणि ते गाडी घेऊन अर्ध्यावर आले. वाचला तो.

नंतर विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, दोन दिवसांपासून दुखत होतं पण खाली पाठवलं असतं तर हजेरी गेली असती ना. आणि बरोबर होतं त्याचं! ज्या ठेकेदाराकडून तो आला होता तो आजारपणाचे खाडे कापायचाच. हेल्मेट, बूट, फर्स्ट एडची पेटी, सगळं होतं आमच्याकडे, आणि पोरगा मरता मरता राहिला तो रोजंदारीपायी. तेव्हापासून मी कामाला लागायच्या आधी ठेकेदारासमोर सगळ्यांना सांगतो, दुखलं म्हणून खाली उतरलास तरी हजेरी पूर्ण लागेल. मग लोक बोलतात. खोटंही बोलतात एखाद-दोन, बोलू देत.

आणि कोणीही "परत फिरू" म्हटलं की परत फिरायचं, वाद घालायचा नाही. हे मी एमएस्सीला असताना शिकलो, सातपुड्यात धडगावकडे डाइक (भेगेत लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या भिंती) मोजत फिरायचो तेव्हा. सोबतचे तिथले पावरा आदिवासी दादा एका नाल्याच्या काठी बसले ते उठेचनात, ऊन पडलेलं, मला वाटलं टाळतायत. त्यांनी फक्त पाण्याकडे बोट केलं, गढूळ झालं होतं आणि पालापाचोळा वाहत येत होता, म्हणजे वर पाऊस झालाय. अर्ध्या तासात आम्ही जिथून उतरणार होतो तिथं छातीएवढं पाणी.

तो पोरगा आता बरा आहे, यंदा आखाजीला पारावर भेटला. डोकं दुखलं म्हणून परत आलो हे गावात सांगायची लाज वाटली असणार, कारण त्याच्या गोष्टीत रात्री तंबूत बर्फातला बिबट्या शिरतो आणि मी त्याला हातोड्याने हाकलतो.