आमची वाटचाल : पुठ्ठ्याच्या तुकड्यांपासून प्रोग्रॅमपर्यंत

भोसरी एमआयडीसीत २००९ साली आम्ही लहान कारखान्यांना शेडची मांडणी आखून द्यायला सुरुवात केली. गाळा बदलला किंवा नवी मशीन आली, की लेथ कुठे, प्रेस कुठे, तपासणी कुठे हे ठरवायचं. आलेखाच्या कागदावर शेडचा नकाशा काढायचा आणि त्यावर मशीनच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे सरकवायचे. पुढे संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड आलं, पण सरकवणं हातानेच.

दहा विभाग दहा जागी ३६,२८,८०० प्रकारे बसतात. बारा असतील तर ४७ कोटी ९० लाखांहून जास्त. एवढं हाताने कोण तपासणार?

आम्हाला वाट सापडली ती आर्मर आणि बफा यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या ‘क्राफ्ट’ पद्धतीत. कुठून कुठे किती माल जातो याचा तक्ता करायचा, त्याला अंतराने आणि वाहतुकीच्या दराने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. मग दोन विभागांच्या जागा आपसांत बदलून बेरीज घटते का ते बघायचं, घटेनाशी झाली की थांबायचं. मात्र सुरुवातीची मांडणी जशी असेल, तिच्या आसपासच ही पद्धत अडकते. म्हणून पायथन या संगणकभाषेत लिहिलेला आमचा प्रोग्रॅम दर वेळी अनेक वेगवेगळ्या मांडण्यांपासून सुरुवात करतो.

नुसतं अंतर कमी करायला सांगितलं, तर प्रोग्रॅम पॉवर प्रेसला खेटून सरफेस ग्राइंडर ठेवेल आणि हादऱ्यांनी फिनिश बिघडेल. वेल्डिंगशेजारी रंगकाम ठेवेल, म्हणजे ठिणग्या आणि थिनर एकत्र. कोणता विभाग कोणाजवळ हवा आणि कोणाजवळ नको हे नोंदवायचा एक तक्ता असतो, कारखान्यांच्या मांडणीचे अमेरिकी तज्ज्ञ रिचर्ड मुथर यांचा. त्यात अशा जोड्यांपुढे ‘एक्स’, म्हणजे ‘जवळ नको’, असं लिहितात. तो तक्ता भरायला मालकाबरोबर फोरमन आणि ट्रॉली ओढणारा हेल्पर बसलाच पाहिजे, हा आमचा आग्रह असतो. ट्रॉली कुठल्या वळणावर अडते, कुठला जॉब (घडवायचा भाग) पुन्हा मागे फिरतो, हे त्यांनाच ठाऊक. माझा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. ज्यांना तेवढा वेळ द्यायचा नसतो, त्यांचं काम आम्ही घेत नाही.

आता ग्राहकाला तीन मांडण्या देतो, प्रत्येकीत माल किती फिरेल त्या आकड्यासह. निवड त्याची. सध्या प्रेसचं नवं फाउंडेशन, केबल आणि कॉम्प्रेसरच्या हवेची लाइन यांचा खर्च हिशेबात धरण्याचं काम चालू आहे, कारण चालू कारखान्यात मशीन हलवायची की नाही हे बहुतेकदा त्यावरच ठरतं.