मेळघाटातली मार्चअखेर आणि दुपारची हवा

परतवाडा सोडलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, गाडीच्या काचा उघड्या ठेवण्याइतका गारवा होता. याआधी मेळघाटात दोनदा आलो होतो, दोन्ही वेळा पावसाळा संपता संपता. ते हिरवं जंगल डोक्यात ठेवून आलेल्या माणसाला हे जंगल ओळखू येईना. साग पार ओका झालेला. खाली तांबूस पानांचा एवढा थर, की रस्त्याच्या कडेला उतरलो तर पाय घोट्यापर्यंत रुतला आणि पापड मोडावा तसा आवाज झाला. कोरकूंच्या भाषेत सिपना म्हणजे साग. त्याच नावाच्या नदीत आता फक्त डोहांपुरतं पाणी उरलं होतं.

सेमाडोहच्या अलीकडे काळ्या पट्ट्या दिसायला लागल्या. मला वाटलं, वणवा लागून गेला. चहाच्या टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या कोरकू बाबांनी सांगितलं, या जाळरेषा. गवत-पाचोळा आधीच जाळून जमीन मोकळी केली, की येणाऱ्या आगीला पुढे खायला काही मिळत नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा राज्यात वणव्याचा हंगाम, म्हणून ही कामं त्याआधी उरकतात. बाबांनी कितीतरी उन्हाळे आगीवर पाळत ठेवायची मजुरी केलेली.

"मग आता भीती नाही," मी म्हणालो.

"हवा नसली तं नाही. हवा आली का पेटलेलं पान उडून रेषेच्या पल्याड जाते, भाऊ."

बारा वाजून गेले आणि ते काय म्हणत होते ते कळलं. तापलेल्या उतारांवरून हवा वर चढू लागली. वाळली पानं घेऊन वावटळी रस्ता ओलांडत होत्या. ओठ फुटतील असा कोरडेपणा. आग चढावर जास्त वेगाने का पळते, तेही बाबांनी हाताचा पंजा तिरपा धरून दाखवलं: ज्वाळा उताराला चिकटून वरच्या गवताला आधीच भाजून ठेवतात, त्यात मागून वारा.

मेळघाटातल्या आगी आभाळातून पडत नाहीत. मोहफुलं पहाटे गळतात, ती पाचोळ्यात दिसावीत म्हणून झाडाखाली काडी लावली जाते. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही. राखीव जंगलात आग लावणं 1927च्या कायद्याने गुन्हा आहे, पण टोपलीभर मोहावर घर चालवणाऱ्या बाईला कायद्याचं कलम ऐकवून काय साधणार? झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तरी फुलं वेचता येतात. ती जाळी तिला कोणी तरी द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. कारण याच दिवसांत रानकोंबडी आणि तित्तर जमिनीवर अंडी घालतात. 113 वर्षांनी, 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळाही इथल्या सागांच्या ढोलींत राहतो.

संध्याकाळी समोरच्या डोंगरावर धूर दिसला. अंधार पडला तशी त्याची केशरी रेघ झाली. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा इशारा मोबाइलवर येतो, पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण 375 मीटरचा चौकोन. त्यात नेमकी आग शोधायला माणसंच चढतात. पाण्याचे डबे, कोयते आणि पाठीवर पानं उडवणारी ब्लोअर यंत्रं घेतलेली दहा-बारा जणांची तुकडी रस्त्यावरून गेली. निम्म्यांच्या पायात साध्या चपला होत्या. ते पाहून मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

रात्री वारा पडतो, थोडा उलटा, डोंगरावरून खाली वाहतो. हीच त्यांची वेळ. कुठे हिरव्या फांद्यांनी झोडपायचं, कुठे आगीच्या पुढ्यातला पाचोळा बाजूला करायचा. आम्हाला पुढे जायची परवानगी नव्हती. निवासाच्या ओट्यावर बसून ती रेघ तुटताना पाहत राहिलो. दोन वाजता तिचे तीन तुकडे झाले होते. चारच्या सुमारास एकच ठिपका.

सकाळी टपरीवर तीच माणसं चहा पीत होती, भुवयांवर राख. दोघं मात्र खाली आले नव्हते. जळकी खोडं आतून धुमसत असतात, ती माती टाकून विझवायची होती. बाबांनी आभाळाकडे नाही, समोरच्या पळसाच्या शेंड्याकडे पाहिलं. "अकरा वाजेपावतो आटपाले पायजे," ते म्हणाले आणि वरच्या दोघांसाठी भाकरी बांधायला उठले.