दोन मिनिटं आणि तेवीस वर्षं

मी सहा वर्षं इन-बिट्वीनर होते. पुण्यात एका स्टुडिओत परदेशी मालिकांचं काम यायचं. मोठे कलाकार मुख्य पोझ काढून द्यायचे आणि मधली चित्रं आम्ही भरायचो. एका सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे पात्राने नुसती मान वळवली तरी पाच-सहा कागद खर्ची पडायचे. लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून दिवा असलेल्या काचेवर, एकावर एक कागद ठेवायचे, डाव्या हाताच्या बोटांत तीन-चार पानं धरून फडफडवत राहायचं आणि हालचाल कुठे अडखळते ते बघायचं. माझ्या उजव्या करंगळीची कड कायम काळी असायची, घरी आई साबणाने घासून द्यायची.

आमच्या सुपरवायझरांचा एक नियम होता: रेघ हलता कामा नये. पहिल्या चित्रात जेवढी जाड, तेवढीच शेवटच्या चित्रात. कुठे जराशी जाडी वाढली की कागद परत. पडद्यावर ती रेघ 'उकळते', म्हणजे थरथरत राहते, असं ते म्हणायचे.

त्याच दिवसांत एका मित्राने मला अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक मार्सेल यांकोविच यांचा 'सिसिफस' हा लघुपट दाखवला. सिसिफस म्हणजे ग्रीक पुराणकथेतला, धोंडा डोंगरावर पुन्हा पुन्हा ढकलत न्यायची शिक्षा झालेला माणूस. हंगेरीतला, १९७४ सालचा, जेमतेम दोन मिनिटांचा. पांढरा पडदा, काळी रेघ, एक माणूस आणि एक धोंडा. संगीत नाही, फक्त त्या माणसाचा श्वास आणि कण्हणं. आणि आम्हाला जे करायची बंदी होती, नेमकं तेच त्या रेघेत चाललेलं. माणूस जोर लावतो तेव्हा पाठीची रेघ फुगून जाड होते. दम टाकतो तेव्हा ती केसाएवढी बारीक. अगदीच थकतो तेव्हा अंगाचे चार-दोन फटकारेच उरतात, बाकीचा माणूस आपण मनाने पुरा करायचा. मी तो लागोपाठ चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी लक्षात आलं की त्याच्याबरोबर मीही श्वास रोखून धरतेय.

मग मी या माणसाचं सगळं शोधायला लागले. पहिल्याच दिवशी कळलं ते असं, की हेही इन-बिट्वीनर म्हणूनच लागले होते! १९६० साली, बुडापेस्टच्या पानोनिया स्टुडिओत, वयाची एकोणीस वर्षंही पुरी झाली नव्हती. चित्रकलेची रीतसर पदवी वगैरे काही नाही. वडिलांना १९५० मध्ये राजकीय आरोपांखाली तुरुंगात टाकलेलं, कुटुंबाला राजधानीतून उचलून एका खेड्यात धाडलेलं. अशा घरातल्या मुलाला विद्यापीठाचं दार बंदच होतं. स्टुडिओचं दार तेवढं उघडं मिळालं, आणि मग त्यांनी सगळं शिक्षण तिथेच करून घेतलं.

तेरा वर्षांनी त्याच स्टुडिओतून त्यांनी दिग्दर्शित केलेला 'यानोश वितेझ', म्हणजे वीर यानोश, आला. हंगेरीचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. कवी पेटोफी यांच्या जन्माला १५० वर्षं झाली म्हणून त्यांच्या दीर्घकाव्यावर केलेला. त्यांचं वय तेव्हा जेमतेम एकतीस. पुढच्याच वर्षी 'सिसिफस', त्याला ऑस्करचं नामांकन. १९७७ मध्ये 'क्यूझ्दोक', म्हणजे झुंजणारे, याला कान महोत्सवात लघुपटाचा सर्वोच्च पुरस्कार. एक शिल्पकार दगडावर छिन्नी चालवतो आणि दगडही त्याला घडवत जातो. पुतळा तरणाबांड होऊन उभा राहतो, शिल्पकार म्हातारा. मला तो 'सिसिफस'चा सख्खा भाऊ वाटतो: इथेही एक माणूस, एक दगड, आणि दोघांत खरं बळ कोणाचं हा प्रश्न.

पण माझ्या सगळ्यात जवळचा 'फेहेरलोफिया', पांढऱ्या घोडीचा मुलगा, १९८१ सालचा. घोडीच्या पोटी जन्मलेला वीर, त्याचे दोन भाऊ, पाताळात कोंडलेल्या तीन राजकन्या, तीन, सात आणि बारा डोक्यांचे ड्रॅगन. गोष्ट आपल्या आज्यांच्या गोष्टींसारखीच तीन-तीन पावलांनी पुढे जाते. पण डोळ्यांसमोर जे घडतं ते मी दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही. 'सिसिफस'मध्ये सगळं काम रेघेचं होतं. इथे काळी बाह्यरेषाच काढून टाकलीय. रंगाला रंग भिडतो आणि त्या सांध्यातून आकार तयार होतो. घोडी झाडात विरते, झाड सूर्यात. इन-बिट्वीनर म्हणून सांगते, एका आकाराचा दुसरा आकार करताना मधलं चित्र सर्वांत अवघड असतं, कारण ते धड हेही नसतं आणि तेही नसतं. या सिनेमात ती मधलीच चित्रं थांबून बघावीत अशी आहेत.

काळ चक्रासारखा फिरून येतो, हे त्यांना या सिनेमातून आणखी स्पष्ट मांडायचं होतं. त्या वेळच्या मार्क्सवादी चौकटीत ते बसेना, म्हणून पहिला आराखडा नाकारला गेला. आपल्याकडे युगांचं चक्र कीर्तनातसुद्धा ऐकू येतं. तिथे त्या कल्पनेचीच अडचण झाली.

'सिसिफस'ची गोष्ट पुढेही आहे. १९८८ मध्ये यांकोविच यांनी हंगेरियन नाटककार मादाच यांच्या 'माणसाची शोकांतिका' या नाटकावर सिनेमा करायला घेतला. आदम, ईव्ह आणि सैतान इजिप्तपासून थेट भविष्यकाळापर्यंत फिरतात, आणि प्रत्येक युग त्या युगाच्या चित्रशैलीत. वर्षभरात राजवट बदलली, सरकारी पैसा आटला. मग जमेल तसे पैसे उभे करून एकेक भाग पुरा करायचा, पुन्हा थांबायचं. २००८ मध्ये एका अमेरिकन मोटार कंपनीने जाहिरातीसाठी 'सिसिफस' घेतला आणि त्या पैशांचा या कामाला हातभार लागला. सिनेमा पडद्यावर आला २०११ मध्ये. तेवीस वर्षं! दोन मिनिटांच्या चित्रातल्या त्या माणसाने चौतीस वर्षांनी आपल्याच चित्रकाराच्या धोंड्याला खांदा दिला. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आमचा स्टुडिओ एक दिवस बंद पडला. दोन महिन्यांचा पगार बुडाला. खूप वाईट वाटलं ते मात्र कागदांचं. माझी सहा वर्षांची चित्रं पोत्यांत भरून रद्दीत गेली. मी आता शाळकरी मुलांना चित्रकला शिकवते. लाइट बॉक्स घरी आहे, चालू आहे.

यांकोविच २९ मे २०२१ रोजी गेले. शेवटपर्यंत कामात होते, हंगेरियन कवी यानोश आरान्य यांच्या 'तोल्दी' या काव्यावर. दरवर्षी त्या तारखेच्या आसपास मी माझ्या वर्गाला हंगेरियन लोककथांच्या मालिकेतला एखादा भाग दाखवते. त्यातले कितीतरी भाग त्यांनी केलेत. सगळी नक्षी तिथल्या गावोगावच्या भरतकामातून आणि मातीच्या भांड्यांवरून उचललेली आहे. भाषा कुणालाच कळत नाही, पण सुरुवातीचा तो छोटा पक्षी आला की पोरं गप्प होतात. गेल्या वर्षी एका मुलीने दुसऱ्या दिवशी आजीच्या चोळीच्या खणावरची वेलबुट्टी वहीत उतरवून आणली. बारा पानं, प्रत्येक पानावर वेल थोडी पुढे सरकलेली. तिने पानं फडफडवून दाखवली. रेघ सगळीकडे कमी-जास्त जाड होती. मी काही बोलले नाही.

तुम्ही यांचं काहीच पाहिलं नसेल तर आधी 'सिसिफस' बघा. आवाज चालू ठेवून. शेवटी कॅमेरा मागे मागे जातो तेव्हा घाई करू नका, डोंगर कशाचा बनलाय ते नीट बघा.