शिवणीत गेलेले शब्द

मामाकडे माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे. सुटे अंक फाटतात म्हणून मामाने बारा-बारा अंक एकावर एक ठेवून दाभणाने शिवले होते आणि वरून जुन्या कॅलेंडरचा कागद डकवला होता. शिवण अशी आवळलेली, की पान कधी पुरतं उघडायचंच नाही. दुमडीकडच्या चौकोनातला संवादाचा फुगा अर्धा बाहेर, अर्धा दोऱ्याखाली. ‘‘थांब! पुढे पाऊल टाकलंस तर...’’ एवढं दिसायचं, आणि पुढची धमकी शिवणीत. मावसभाऊ म्हणायचा, तिथे ‘गोळी घालीन’ असणार. मी म्हणायचो, आपला नायक वेताळ असलं बोलत नाही, तिथे ‘पस्तावशील’ आहे. अख्खी मे महिन्याची सुट्टी आम्ही त्यावर भांडलो, पण शिवण उसवून बघायची हिंमत दोघांनाही झाली नाही. मामा वेताळापेक्षा तापट होता.

१९६४ च्या मार्चमध्ये टाइम्सवाल्या बेनेट कोलमनने इंद्रजाल सुरू केलं, तेच वेताळाच्या गोष्टीने. मूळचा तो फँटम. ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसाने १९३६ मध्ये त्याला जन्माला घातलं. इंग्रजीत त्याला ‘चालतं भूत’ अशा अर्थाचं बिरुद आहे, कारण बाप मेला की पोरगा तोच बुरखा चढवतो आणि जंगलाला वाटतं हा मरतच नाही. आमच्यापर्यंत आला तो एकविसावा. पण त्याला वेताळ हे नाव ज्याने कोणी दिलं, त्याला माझा दंडवत. आजीचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिकडे आरवलीला वेतोबाचं, म्हणजे वेताळाचंच, देऊळ आहे, आणि वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो, फिरून फिरून वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. म्हणजे आजीच्या लेखी चालणारा, राखण करणारा वेताळ ही काही अमेरिकेतून आलेली बातमी नव्हती. तिने एकदा माझ्या हातातला गठ्ठा डोळ्यांजवळ नेऊन तो जांभळा, घट्ट कपड्यांवर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी चढवलेला गडी नीट न्याहाळला आणि विचारलं, ‘‘ह्यो कसलो रे वेताळ? बूट घालता तो?’’ चड्डीबद्दल ती काही बोलली नाही. हरकत फक्त बुटांना.

आमचा वेताळ मराठी बोलायचा हे मला फार उशिरा लक्षात आलं. तो आमच्याच डोक्यात बोलायचा ना! माझ्या वेताळाचा आवाज शाळेतल्या पीटीच्या सरांचा होता, जरा खर्जातला. आणि गुद्दे? पहिल्या चौकोनात मूठ उचललेली, दुसऱ्यात गुंड आडवा आणि त्याच्या जबड्यावर कवटीचा शिक्का, जन्मात न जाणारा. मूठ जबड्यावर बसली ती मधल्या पांढऱ्या पट्टीत. ती पट्टी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, पण सगळी हाणामारी तिच्यात चालायची, आणि ती आम्ही करायचो. उशा फुटल्या त्या त्यापायी.

मग १९९६ मध्ये फँटमचा सिनेमा आला. मी तो पुढे केबलवर पाहिला, रात्री अकरा वाजता, आवाज बारीक ठेवून. बिली झेन दिसायला उत्तम, अंगकाठीही फक्कड. पण त्याला डोळे होते! कॉमिकमधल्या वेताळाच्या बुरख्यात डोळ्यांच्या जागी नुसता कोरा पांढरा रंग. फॉकला ते ग्रीक पुतळ्यांवरून सुचलं म्हणतात. त्या कोऱ्या जागेत आम्ही हवा तो राग, हवी ती दया भरत होतो. इथे बाहुल्या होत्या, पापण्या होत्या, हा माणूस चक्क डोळे मिचकावत होता. पट्ट्यांची चड्डीही गायब. आणि सगळ्यात कहर म्हणजे तो इंग्रजी बोलत होता. आता अमेरिकन माणसाने लिहिलेला नायक अमेरिकन सिनेमात इंग्रजी नाही बोलणार तर काय बोलणार? हे कळत होतं. तरी परक्या गावात आपला शेजारी भेटावा आणि त्याने ओळख दाखवू नये, तसं वाटलं. सिनेमा पडला. मला दुष्ट आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून मी तो वैताग आणणारा माणूस झालो, जो थिएटरात शेजारच्याला कुजबुजून सांगतो की ‘मूळ कॉमिकात असं नाहीये.’ बायको आता माझ्या शेजारी मुद्दाम पॉपकॉर्न घेऊन बसते, तोंडात कोंबायला.

गंमत म्हणजे भाषा मराठी असली तरी हे दुखणं जात नाही. ‘चिंटू’चंच घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा हा पोरगा १९९१ पासून ‘सकाळ’मधून घराघरात यायचा, चहाच्या कपाबरोबर. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोलेंनी त्याच्यावर सिनेमा केला. चांगला होता, पोरांनी कामं झकास केली होती. पण चिंटूने तोंड उघडलं आणि मी खुर्चीत चुळबुळलो. आमच्या घरचा चिंटू जरा नाकात बोलायचा, कारण तो मोठ्याने वाचून दाखवायचे माझे वडील, आणि त्यांना बारमाही सर्दी. आता याचा राग गोडबोल्यांवर कसा काढणार?

२०२३ मध्ये मात्र वेगळंच झालं. स्पायडर-व्हर्स मालिकेतला दुसरा चित्रपट भारतात दहा भाषांत आला आणि त्यांत मराठी होती. स्पायडरमॅन, मराठीतून! त्यात पवित्र प्रभाकरही होता, २००४ मधल्या भारतीय कॉमिकमधला धोतरवाला स्पायडरमॅन. लेक म्हणाली, ‘‘बाबा, आज तरी कुजबुजू नका.’’ कुजबुजायला जागाच नव्हती. पडद्यावर चौकोन होते, फुगे होते, स्वस्त छपाईचे ते बारीक ठिपकेसुद्धा. कोणीतरी लाखो डॉलर ओतून आमच्या रद्दीच्या कागदाचा पोत आणला होता. मधल्या पांढऱ्या पट्ट्याही दिसत होत्या, फक्त अशा वेगाने पळत होत्या की त्यांच्यात शिरून उशी फोडायला सवड मिळेना. लेकीला मिळत होती बहुतेक. ती खुर्चीच्या कडेवर बसून हात हवेत मारत होती.

त्या रविवारी मी मामाचा गठ्ठा काढला. ट्रंक गेली, मामाही गेला. मामीने त्यातला हा एकच मला दिलाय. पानं चहाच्या रंगाची झालीत, पण शिवण अजून तशीच. लेक पालथी पडून मोठ्याने वाचायला लागली आणि तिच्या तोंडी वेताळ फारच चिरका निघाला. मी गप्प बसलो. ‘‘थांब! पुढे पाऊल टाकलंस तर...’’ ती अडली. बोटाने पान दाबून बघितलं, वाकून आत डोकावली.

‘‘बाबा, इथे काय आहे?’’

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, ‘‘थांबा, मला कळलं. ‘आईला सांगेन’!’’